एलएलसी नोंदवली, करार राहिला: तिघा भागीदारांसाठी ऑपरेटिंग अ‍ॅग्रीमेंटचा मसुदा

न्यू जर्सीत एलएलसी, म्हणजे मर्यादित जबाबदारीची कंपनी, काढायला फारसं काही लागत नाही. राज्याच्या संकेतस्थळावर नाव आणि पत्ता टाकायचा, १२५ डॉलर भरायचे, की जेवणाच्या सुट्टीत कंपनी उभी. त्या फॉर्ममध्ये कोणी किती भांडवल घातलं, नफा कसा वाटायचा, चेकवर सही कोणाची, यातलं काही विचारत नाहीत. ते सगळं ऑपरेटिंग अ‍ॅग्रीमेंटमध्ये यायचं असतं. हा करार राज्याकडे जमा करावा लागत नाही, त्यामुळे तो नसला तरी कोणी हटकत नाही. बँकेने खातं उघडताना मागितला की मग कोणीतरी नेटवरून पंधरा पानी नमुना उतरवतो, मोकळ्या जागी नावं भरतो आणि न वाचता सह्या होतात.

तुम्ही जिथे काही लिहीत नाही, तिथे राज्याचा कायदा तुमच्या वतीने लिहून मोकळा झालेला असतो. मसुदा करताना ही एक गोष्ट डोक्यात ठेवली, तर कुठल्या कलमावर डोकं खपवायचं आणि कुठलं जसंच्या तसं घ्यायचं हे आपोआप कळतं.

सगळा लेखभर एकच उदाहरण घेऊ. सेंट्रल जर्सीत तिघे मिळून डबे आणि फराळाचं किचन काढतायत. डॉक्टर ६०,००० डॉलर घालणार, पण त्यांना वेळ नाही. हिशेबनीस ३०,००० घालणार आणि ऑर्डरी, डिलिव्हरी, वह्या बघणार. वहिनी १०,००० घालणार आणि किचन पूर्ण वेळ चालवणार. नफा ४०:३०:३० असं चहा पिता पिता ठरलंय. नावं मुद्दाम दिलेली नाहीत, तुमची घाला.

आधी कायद्याने काय लिहून ठेवलंय ते वाचा

न्यू जर्सीत एलएलसीचा सुधारित कायदा मार्च २०१३ पासून नव्या कंपन्यांना आणि १ मार्च २०१४ पासून सगळ्याच कंपन्यांना लागू आहे. करारात वेगळं काही लिहिलं नसेल, तर त्यानुसार कंपनी सभासदच चालवतात आणि कारभारात सगळ्यांचा हक्क सारखा असतो. रोजच्या कामकाजातला मतभेद डोकी मोजून बहुमताने सुटतो; रोजच्या कामकाजाबाहेरचा निर्णय आणि करारातला बदल यांना मात्र सगळ्यांची संमती लागते. कंपनी चालू असताना पैसे वाटले, तर ते दरडोई समान.

हे ‘दरडोई’ नीट बघा. पहिल्या वर्षी ३०,००० डॉलर वाटायचे आहेत. कायद्याच्या हिशेबाने प्रत्येकी १०,०००. डॉक्टरांच्या मनातल्या हिशेबाने, म्हणजे भांडवलाच्या प्रमाणात, १८,०००, ९,००० आणि ३,०००. चहावर ठरल्याप्रमाणे १२,०००, ९,००० आणि ९,०००. तीन हिशेब, तिन्ही कोणा ना कोणाला रास्त वाटणारे. करार नसेल तर पहिला लागू होतो.

यात एक गंमत आहे. न्यू जर्सीत हा करार तोंडीही चालतो; वागणुकीतून गृहीत धरलेलाही चालतो. म्हणजे चहावरचं ४०:३०:३० अगदीच हवेत गेलेलं नाही, पण ते सिद्ध करायला उद्या व्हॉट्सअ‍ॅपचे जुने मेसेज उकरावे लागतील. म्हणून पहिल्या पानावरच दोन वाक्यं घाला: या लेखी करारापूर्वीचं सगळं बोलणं या कराराने रद्द झालं, आणि यापुढचा बदल सगळ्यांच्या सहीनिशी लेखीच होईल.

राज्य बदललं की ही मूळ मांडणी बदलते. डेलावेअरमध्ये मतं नफ्यातल्या हिश्शाच्या प्रमाणात मोजतात आणि नफा भांडवलाच्या प्रमाणात वाटतात. न्यूयॉर्कमध्ये लेखी करार सक्तीचा आहे, कंपनी नोंदवल्यापासून ९० दिवसांत. शिवाय १२० दिवसांच्या आत दोन वर्तमानपत्रांत सहा आठवडे जाहिरात द्यावी लागते, तो खर्च वेगळाच. नेटवरचे बरेच नमुने डेलावेअरचे असतात. कुठल्या राज्याच्या कायद्यावर बेतलाय हे न बघता नमुना वापरू नका. आणि सगळा धंदा न्यू जर्सीतच असेल, तर फॅशन म्हणून डेलावेअरला कंपनी काढण्यात काही हशील नाही: तिथे दरवर्षी ३०० डॉलर भरायचे, इथे बाहेरची कंपनी म्हणून पुन्हा १२५ भरून नोंदणी करायची आणि ७५ डॉलरचा वार्षिक रिपोर्ट आहेच.

मेंबर-मॅनेज्ड तुम्हाला झेपतंय का?

मेंबर-मॅनेज्ड म्हणजे सभासदांनीच कारभार करायचा, आणि याचा अर्थ सभासद काम करतायत. तिघांपैकी कोणी एच-१बी वर असेल, तर इथेच थांबा. एच-१बी वरच्या माणसाला कंपनीत हिस्सा घेता येतो, पण दुसऱ्या कंपनीसाठी परवान्याशिवाय काम करता येत नाही, मग त्याबद्दल पगार घेवो न घेवो. ज्या करारात ‘सर्व सभासद कारभार पाहतील’ असं लिहिलंय, त्यावर त्याने सही करणं म्हणजे आपल्याविरुद्धचा कागद आपणच तयार करणं. अशा वेळी कंपनी मॅनेजर-मॅनेज्ड करा, म्हणजे कारभार नेमलेल्या मॅनेजरकडे द्या, आणि त्या सभासदाला केवळ गुंतवणूकदार ठेवा. करारात तसं स्पष्ट लिहा, आणि सही करण्याआधी इमिग्रेशनच्या वकिलाला दाखवा. एच-४ वर, म्हणजे एच-१बी वाल्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर, ईएडी हा कामाचा परवाना असलेल्यांचं तसं नाही. २०१५ पासून हा परवाना मिळतोय आणि त्यावर स्वतःचा धंदा करता येतो. फक्त ईएडीची मुदत संपून नवं यायला उशीर झाला, तर मधल्या काळात किचन कोण बघणार हे करारात असू द्या.

हे पार झालं, की करारात एक वाक्य ठणठणीत लिहा: ही कंपनी मेंबर-मॅनेज्ड आहे. आणि मग उरलेल्या नमुन्यातून ‘मॅनेजर’ हा शब्द शोधून शोधून काढा. अर्धा करार एका पद्धतीचा आणि अर्धा दुसऱ्या, अशी खिचडी उतरवलेल्या नमुन्यांत हटकून सापडते. हौसेने ‘प्रेसिडेंट’, ‘सीईओ’ अशी पदंही वाटू नका. न्यू जर्सीच्या कायद्यात केवळ सभासद आहे म्हणून कोणी कंपनीला बांधू शकत नाही. पण तुम्हीच एखाद्याच्या कार्डावर प्रेसिडेंट छापलंत, तर त्याच्या सहीवर विश्वास ठेवणाऱ्या पुरवठादाराला दोष देता येत नाही.

भांडवल आणि घाम

खरी मेहनत इथे घ्या. कराराच्या शेवटी परिशिष्ट ‘ए’ जोडतात. त्यात प्रत्येकाचं नाव, भांडवल, ते भरल्याची तारीख, नफ्यातला हिस्सा आणि मताचा हिस्सा असे वेगवेगळे रकाने करा. सगळ्याला एकच टक्केवारी लावायची सवय लोकांना लागलेली असते आणि पुढची बरीच भांडणं त्यातूनच निघतात.

वहिनींचं बघा. त्यांनी १०,००० घातले आणि हिस्सा ३० टक्के. एकूण भांडवल १,००,०००. आता करारात नुसतं ‘कंपनीत ३० टक्के हिस्सा’ असं लिहिलं, तर पहिल्याच दिवशी कंपनी मोडली असं धरून त्यांच्या वाट्याला ३०,००० येतात. म्हणजे २०,००० डॉलर त्यांना कामाच्या मोबदल्यात मिळाल्यासारखं होतं, आणि त्यावर आयकर लागू शकतो. हातात दमडी न येता.

यावरचा मार्ग जुना आणि रुळलेला आहे: कामाबद्दल फक्त पुढच्या नफ्यात हिस्सा द्यायचा, आजच्या भांडवलात नाही. आयआरएसने, म्हणजे केंद्रीय करखात्याने, १९९३ मध्येच याचे नियम स्पष्ट केले आहेत आणि त्या अटी पाळल्या, तर असा हिस्सा मिळताना सहसा कर लागत नाही. कलमाचा आशय साधारण असा ठेवा (मूळ करार अर्थातच इंग्रजीत असेल):

‘कंपनी विकली किंवा बंद केली, तर देणी फेडून उरलेल्या रकमेतून आधी प्रत्येक सभासदाचं परत न मिळालेलं भांडवल परत केलं जाईल. त्यानंतर उरेल ते ४०:३०:३० या प्रमाणात वाटलं जाईल.’

म्हणजे उद्या बंद पडलं, तर डॉक्टरांना त्यांचे साठ, हिशेबनिसांना तीस, वहिनींना दहा. किचन चाललं, तर वाढलेल्या किमतीत वहिनींचा पूर्ण ३० टक्के वाटा. डॉक्टरांनाही हे पटतं, कारण त्यांचे पैसे आधी निघतात.

वहिनींचा हिस्सा एकदम पक्का करायचा की टप्प्याटप्प्याने, हेही ठरवा. सहा महिन्यांत त्या सोडून गेल्या, तर ३० टक्के घेऊनच जाणार का? चार वर्षांत दरवर्षी चौथा भाग पक्का होत जाईल, आणि पहिलं वर्ष पुरं होण्याआधी सोडलं तर फक्त भांडवल परत, असं लिहिता येतं. वहिनींना हे अपमानास्पद वाटू शकतं. वाटलं तर हीच अट हिशेबनिसांनाही लावा; तेही कामाच्या भरवशावरच आत आले आहेत.

पुढे आणखी पैसे लागले तर? नमुन्यांत बहुधा असं असतं, की जो पैसे घालणार नाही त्याचा हिस्सा कमी होईल. तिघांच्या छोट्या कंपनीत मला हे पसंत नाही. ज्याचा खिसा मोठा, तो दर मंदीत थोडा थोडा करून कंपनी खाऊन टाकतो. त्यापेक्षा जादा पैसे सभासदाचं कर्ज धरा, ठरावीक व्याज लावा, आणि नफा वाटण्याआधी ते फेडा. हिस्से जिथल्या तिथे राहतात.

कराची कलमं: कंटाळवाणी, पण यातच पैसे जातात

दोन किंवा अधिक सभासदांची एलएलसी करापुरती आपोआप भागीदारी समजली जाते. कंपनी फॉर्म १०६५ भरते, १५ मार्चपर्यंत, आणि प्रत्येकाला के-१, म्हणजे त्याच्या वाट्याच्या नफ्याचा तक्ता, देते. कर सभासदाने आपापल्या रिटर्नमध्ये भरायचा, पैसे हातात आले असोत वा नसोत.

समजा वर्षाचा नफा ९०,००० झाला आणि सगळी रोकड कर्जाचं मुद्दल फेडण्यात गेली. वहिनींच्या के-१ वर २७,००० दिसतील, बँकेत शून्य. डॉक्टरांना फरक पडत नाही. वहिनींना कर भरायला क्रेडिट कार्ड काढावं लागेल. म्हणून कराच्या वाटपाचं कलम हवंच: रोकड असेल तोवर कंपनीने प्रत्येकाला त्याच्या वाट्याच्या नफ्याच्या ठरलेल्या टक्क्याइतकी रक्कम आगाऊ कराच्या तारखांआधी, म्हणजे १५ एप्रिल, १५ जून, १५ सप्टेंबर आणि १५ जानेवारीच्या आधी द्यायची. दर ३५ टक्के धरला, तर वहिनींना ९,४५०. ही रक्कम पुढच्या वाटपातून वजा करायची, नाहीतर तो बोनस ठरतो. आणि हे वाटप मतावर ठेवू नका. ‘देईल’ असं लिहा, ‘देऊ शकेल’ नाही.

वहिनींना महिन्याला काय मिळणार? भागीदारी म्हणून कर भरणाऱ्या एलएलसीत सभासदाला डब्ल्यू-२ वर, म्हणजे नोकरदारासारखा, पगार देता येत नाही. कामाबद्दल दरमहा ठरावीक रक्कम देता येते, ती कंपनीचा खर्च म्हणून नफ्यातून आधी वजा होते आणि त्यावर वहिनींना १५.३ टक्के सेल्फ-एम्प्लॉयमेंट कर स्वतःच भरावा लागतो. ही रक्कम करारात आकड्यासकट घाला, आणि ती नफ्यावर अवलंबून नाही असंही. नफ्यातून वळती होणारी उचल वेगळी. दोन्ही एकाच रकान्यात टाकल्या, की वर्षअखेर वहिनींच्या वाट्याचा नफा ‘तुम्ही आधीच उचललात’ म्हणून गायब होतो.

आयआरएसकडून तपासणी आली, तर कंपनीच्या वतीने बोलायला एक प्रतिनिधी नेमावा लागतो. २०१८ पासून या माणसाला अफाट अधिकार आहेत: त्याने जे मान्य केलं, ते सगळ्यांवर बंधनकारक. तो अमेरिकेत भेटू शकेल असा हवा. इथे हिशेबनीस योग्य, पण तडजोड करण्याआधी बाकीच्यांना कळवायचं आणि त्यांची लेखी संमती घ्यायची, ही अट घाला. छोट्या कंपनीला दरवर्षी रिटर्न भरताना या पद्धतीतून बाहेर पडता येतं. मात्र एखाद्या सभासदाने आपला हिस्सा ट्रस्टच्या किंवा स्वतःच्या एकट्याच्या एलएलसीच्या नावावर ठेवला, तर ती सवलत जाते. डॉक्टर मंडळींना इस्टेट प्लॅनिंगमध्ये सगळं ट्रस्टमध्ये टाकायची सवय असते. म्हणून हस्तांतराच्या कलमात त्याला आडकाठी ठेवा.

काही वर्षांनी अकाउंटंट म्हणेल, एस कॉर्पोरेशनचा, म्हणजे करापुरत्या वेगळ्या दर्जाचा, पर्याय घ्या, कर वाचेल. वाचतोही. पण एस कॉर्पोरेशनमध्ये सगळ्या हिश्शांचे हक्क सारखे असावे लागतात. आपण वर लिहिलेलं ‘आधी भांडवल, मग ४०:३०:३०’ तिथे चालत नाही. तो पर्याय घ्यायचा झाला, तर करार नव्याने लिहावा लागतो. नुसता फॉर्म २५५३ पाठवून भागत नाही. दुसरं असं, की अनिवासी परदेशी माणूस एस कॉर्पोरेशनचा भागधारक होऊ शकत नाही. हिशेबनिसांनी ग्रीन कार्ड सोडून पुण्याला परत जायचं ठरवलं, की सगळ्यांचा एस दर्जा गेला. ‘कायमचं परत जाणं’ आपल्याकडे काही दुर्मीळ घटना नाही. तसं होण्याआधी हिस्सा कंपनीला विकावा लागेल, असं कलम तेव्हा घालाच.

पुण्याचा भाऊ ‘माझेही थोडे घ्या’ म्हणतोय? घेता येतात. त्याच्या बाजूने हा परदेशी गुंतवणुकीचा व्यवहार होतो: रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमांत बसवून, अधिकृत बँकेमार्फत, वर्षाला २,५०,००० डॉलरच्या मर्यादेत. इकडच्या बाजूने त्याच्या वाट्याच्या धंद्यातल्या नफ्यावर कंपनीला सर्वांत वरच्या दराने, म्हणजे ३७ टक्क्यांनी, कर कापून ठेवावा लागतो, आणि त्याला इथला कर क्रमांक काढावा लागतो. ५,००० डॉलरसाठी एवढा खटाटोप करण्यात अर्थ नाही.

निर्णय, सह्या आणि अडलेलं घोडं

तीन याद्या करा. पहिलीत ज्याने त्याने आपल्या अखत्यारीत करायच्या गोष्टी: भाजीपाला, मदतनिसांच्या पाळ्या आणि मेनू वहिनी बघतील, डिलिव्हरीचे दर हिशेबनीस ठरवतील. दुसरीत बहुमताच्या: ५,००० डॉलरवरचा खर्च, नवा कर्मचारी, नवा मोठा ग्राहक. तिसरीत एकमताच्या, आणि ही यादी आखूड ठेवा: कर्ज, जागेचा करार, नवा सभासद, कंपनीची विक्री, सभासदाच्या मोबदल्यात बदल, सभासदाच्या नातेवाइकाशी व्यवहार, करार बदलणं. एकमताची यादी दोन पानांची झाली, की प्रत्येकाच्या हातात नकाराधिकार जातो आणि फ्रिज दुरुस्तीवरही ठराव लागतो.

मतं डोक्यावर मोजायची की टक्क्यांवर? ४०:३०:३० मध्ये काही फरक पडत नाही. दोघे एक झाले, की तिसरा हरला. ६०:२०:२० असतं, तर टक्क्यांवर एकटे डॉक्टर सगळं ठरवते. आपल्या आकड्यांवर हे एकदा मांडून बघा. आणि ५०:५० असेल, तर कराराचं सगळ्यात महत्त्वाचं कलम पुढचं आहे.

अडलेल्या निर्णयाचं कलम नसेल तर काय होतं, याचं ठळक उदाहरण न्यू जर्सीतच आहे. आयई टेस्ट नावाच्या एलएलसीत तिघे सभासद होते, हिस्से ३४, ३३ आणि ३३, आणि करारच नव्हता. एकाच्या मोबदल्यावरून फाटलं. त्याला काढून टाकावं म्हणून बाकीच्या दोघांनी प्रकरण कोर्टात नेलं. खालच्या न्यायालयांनी काढायला मान्यता दिली, पण २०१६ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला: सभासदांचं पटत नाही एवढं कारण पुरेसं नाही, त्याच्यासोबत धंदा चालवणं व्यवहारात शक्य नाही हे दाखवावं लागेल. त्यासाठी न्यायालयाने सात निकष दिले. त्यातला एक असा, की मतभेद असूनही करारानुसार किंवा कायद्यानुसार निर्णय घ्यायची काही वाट आहे का. तिथे करारातली वाटच नव्हती.

आपल्या तिघांसाठी वाट अशी आखता येईल: ‘एकमताच्या विषयावर ३० दिवसांत निर्णय झाला नाही, तर सभासद मध्यस्थाकडे जातील, मध्यस्थाचा खर्च कंपनी करेल. त्यानंतर ४५ दिवसांतही तोडगा निघाला नाही, तर कोणताही सभासद आपला हिस्सा ठरलेल्या सूत्रानुसार विकत घेण्याची मागणी करू शकेल.’ नमुन्यांत याऐवजी एक झणझणीत कलम असतं: मी किंमत सांगतो, तू त्या किमतीला विक नाहीतर विकत घे. ऐकायला न्याय्य. पण डॉक्टरांकडे एका आठवड्यात रोकड उभी राहते, वहिनींकडे नाही. त्यामुळे डॉक्टर कमी किंमत सांगूनही जिंकतात. खिसे सारखे नसतील, तर ते कलम खोडा.

बँकेबद्दल एक व्यवहाराची गोष्ट. करारात ‘दोन सह्यांचा चेक’ लिहून निश्चिंत होऊ नका; बऱ्याच बँका चेक वटवताना दुसरी सही बघतच नाहीत. ऑनलाइन रक्कम पाठवताना दोघांची मंजुरी लागेल अशी सोय खात्यावर लावून घ्या आणि तिघांनाही खातं बघण्याचा हक्क द्या.

बाहेर पडण्याचा दरवाजा

न्यू जर्सीच्या आजच्या कायद्यात सभासद सोडून गेला, तर त्याच्या हिश्शाची किंमत मागण्याचा हक्क त्याला आपोआप मिळत नाही. तो फक्त वाटप होईल तेव्हा पैसे घेणारा उरतो, मत जातं. सभासद गेला, तर त्याच्या वारसांचंही तेच. वहिनींच्या घरच्यांना ना किचन चालवता येणार, ना पैसे मोकळे करता येणार. म्हणून कोणत्या प्रसंगी, कोणी, किती किमतीला आणि किती मुदतीत हिस्सा घ्यायचा, हे चारही प्रश्न करारातच सुटले पाहिजेत.

प्रसंग: मृत्यू, सहा महिन्यांहून जास्त काळ काम न करता येणं, दिवाळखोरी, घटस्फोटात हिस्सा जोडीदाराकडे जाणं, देश सोडणं, आणि स्वतःहून बाहेर पडणं. टेक्सास किंवा कॅलिफोर्नियासारख्या राज्यात, जिथे लग्नानंतरची कमाई दोघांची मानतात, तिथे जोडीदाराची संमतीची सहीही जोडा.

किंमत: ‘दरवर्षी सभासद मिळून किंमत ठरवतील’ हे वाचायला छान असतं, पण दुसऱ्या वर्षानंतर ते कोणी करत नाही. मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याची अडीचपट, असं सूत्र लिहा आणि ते कोणाला मान्य नसेल, तर मूल्यांकनकाराची सोय ठेवा. सरासरी नफा ८०,००० असेल, तर कंपनीची किंमत २,००,०००. वहिनींच्या ३० टक्क्यांचे ६०,०००. (भांडवल अजून परत मिळालं नसेल, तर वरच्या वाटप-क्रमाने हिशेब करायचा, हे सूत्रातच लिहा.) २० टक्के म्हणजे १२,००० लगेच, उरलेले ४८,००० चार वर्षांत, दरमहा १,००० अधिक व्याज. एकरकमी द्यायची अट घातली, तर एका भागीदाराला मोकळं करताना किचन बंद पडेल. मृत्यूसाठी मात्र विम्याची तरतूद करा. तिघांचे मुदतीचे विमे घेऊन त्यातून हिस्सा विकत घेणं सगळ्यांत स्वस्त पडतं.

सूत्र सगळ्यांना सारखं लावू नका. आजारपणामुळे थांबलेल्याला पूर्ण किंमत. तीन वर्षांच्या आत उठून शेजारच्या गावात तसंच किचन टाकणाऱ्याला फक्त परत न मिळालेलं भांडवल.

जे नमुन्यात सापडत नाही

जागेच्या मालकाने किंवा बँकेने वैयक्तिक हमी मागितली, तर एलएलसीची मर्यादित जबाबदारी त्या रकमेपुरती संपली. एसबीए या छोट्या धंद्यांसाठीच्या सरकारी संस्थेच्या कर्जात २० टक्के किंवा अधिक हिस्सा असलेल्या प्रत्येकाला हमी द्यावी लागते, म्हणजे इथे तिघांनाही. आणि बँक तिघांकडून सारखं वसूल करत बसत नाही. ज्याच्याकडे घर आहे त्याच्याकडे जाते. हमीपोटी एकाला जास्त भरावं लागलं, तर बाकीच्यांनी आपापल्या हिश्शाप्रमाणे त्याला भरून द्यायचं, असं कलम तिघांमध्ये असू द्या. डॉक्टरांनी या एका कलमाशिवाय कुठेही सही करू नये.

नाव, लोगो, पाककृती, इन्स्टाग्रामचं पान आणि ऑर्डरी येतात तो फोन नंबर कोणाचा? फराळाच्या बहुतेक ऑर्डरी व्हॉट्सअ‍ॅपवर येतात, आणि तो नंबर सहसा वहिनींचा घरचाच असतो. त्या गेल्या, की पाचशे ग्राहक त्यांच्याबरोबर गेले. कंपनीच्या नावाने वेगळा नंबर पहिल्या दिवसापासून घ्या. पाककृतींचं उलट आहे: चकलीची भाजणी वहिनींच्या आईची असेल, तर ती कंपनीच्या मालकीची करा असा आग्रह धरू नका, कंपनीला वापरण्याचा हक्क पुरे, आणि त्या बाहेर पडल्यावर तो किती महिने चालेल तेवढं लिहा. किचन सुरू झाल्यावर कंपनीच्या पैशाने तयार केलेलं मात्र कंपनीचं.

डॉक्टरांची दुसऱ्या हॉटेलात गुंतवणूक आहे? मेंबर-मॅनेज्ड कंपनीत सभासदाने कंपनीशी स्पर्धा करू नये, हे कायद्यातच गृहीत आहे. तेव्हा आज जे चालू आहे त्याची यादी करून त्याला मोकळीक दिल्याचं परिशिष्टात नोंदवा.

सह्यांच्या दिवशी

वकिलाकडे जाताना वरच्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं दोन पानांत लिहून न्या. फी निम्म्या वेळाची होते. तो वकील कंपनीचा असतो, तुम्हा तिघांचा स्वतंत्र नाही. वहिनींनी आणि हिशेबनिसांनी तासाभराचा का होईना, आपला वेगळा सल्ला घ्यावा, आणि डॉक्टरांनी त्याचं वाईट वाटून घेऊ नये. मसुदा आला, की त्यात ‘बेनिफिशियल ओनरशिप’ रिपोर्टचं, म्हणजे कंपनीचे खरे मालक कोण हे कळवण्याचं, लांबलचक कलम आहे का बघा. मार्च २०२५ पासून अमेरिकेत काढलेल्या कंपन्यांना तो केंद्रीय रिपोर्ट भरावा लागत नाही. कलम असेल, तर नमुना जुना आहे आणि बाकीचं जास्त बारकाईने वाचायला हवं.

सह्या तारखेसकट, तिघांच्या, प्रत्येक परिशिष्टावरही. भांडवलाचे पैसे त्याच आठवड्यात प्रत्येकाच्या स्वतःच्या खात्यातून कंपनीच्या खात्यात, रोख नाही. प्रत्येकाकडे सही केलेली पूर्ण प्रत. मग दरवर्षी मार्चमध्ये के-१ हातात आले, की ते परिशिष्ट ‘ए’ शेजारी ठेवून तिघांची भांडवल खाती जुळतात का बघा. जुळत नसतील, तर अकाउंटंटला त्याच आठवड्यात विचारा आणि दुरुस्त परिशिष्टावर पुन्हा तिन्ही सह्या घ्या.